वरचा संगमरवर, खालचा कडप्पा

माणसाने खोटे बोलू नये, हे आम्ही वर्गात रोज शिकवतो. पण वस्तूने खोटे बोलावे की नाही, हा धडा कुठल्याच इयत्तेच्या पुस्तकात नाही. गुलमंडीच्या आसपासच्या गल्ल्यांत जुनी घरे दुरुस्तीला निघाली, की मात्र हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. न्हाणीघरातला बेसिनचा ओटा जुन्या काळ्या कडप्प्याचा. अ‍ॅसिडने धुऊन धुऊन त्यावर पांढरट डाग पडलेले, कडा उडालेल्या. नवा संगमरवर खिशाला परवडत नाही. मग कारागीर सांगतो, ओटा फोडू नका, याच्यावरच संगमरवर करून देतो.

काम मेहनतीचे आहे. आधी साबणाचा थर आणि तेलकटपणा काढायचा, पॉलिश पेपरने दगड घासायचा, खड्डे पुट्टीने भरायचे. मग प्रायमर, त्यावर पांढरा रंग. रंग ओला असतानाच बारीक ब्रशने करड्या रेघा ओढून त्या ओल्या स्पंजने पसरवायच्या. संगमरवराच्या शिरा तयार होतात. शेवटी इपॉक्सीचे राळ आणि हार्डनर मापात मिसळून वर ओतायचे. दिवसभर हात लावायचा नाही, पुरता कडकपणा यायला आठवडा जातो. ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही ते संगमरवरी छापाची शीट चिकटवतात. पाहुणा म्हणतो, वा, मार्बल बसवला! आता घरधन्याने काय बोलावे?

हे सारे ढोंग आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तसे म्हणणाऱ्याने एकदा बीबी का मकबऱ्यापर्यंत जाऊन यावे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 साली वारली. तिची ही कबर शाहजादा आजमशाहच्या नावाशी जोडलेली आहे. दारावरच्या लेखात अताउल्ला आणि हंसपतराय या कारागिरांची नावे आहेत. जुन्या नोंदीत खर्च 6,68,203 रुपये 7 आणे दिला आहे. ताजमहालावर कोट्यवधी खर्च झाले होते. म्हणून इथे संगमरवर लागला तो खाली कमरेएवढ्या पट्ट्याला आणि वर घुमटाला. मधला भाग आपल्याच मराठवाड्याच्या काळ्या दगडाचा. त्याला चुन्याचा बारीक गिलावा देऊन संगमरवरासारखी झिलई आणली. म्हणजे गुलमंडीतला कारागीर आज कडप्प्यावर जे करतो, तेच तिथे साडेतीनशे वर्षांपूर्वी झाले. त्याला आपण दगा म्हणत नाही. दगड कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो, ते जवळ जाणाऱ्याला दिसते. ते झाकण्याचा खटाटोप कुणी केलेला नाही.

हिमरूचेही तसेच. किनखाब शाही अंगावरचे, जरीचे वस्त्र. त्याच्या घाटाचे, पण सूत आणि रेशमाचे कापड आपल्या शहरात विणले गेले, ते हिमरू. त्याचे नाव ‘सारखे’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून आले असे सांगतात. दुकानदार हिमरू म्हणून हिमरू विकतो तेव्हा त्याच्या तोंडी सत्यच असते. यंत्रावरचे कापड हातमागाचे म्हणून गळ्यात मारतो तेव्हा तो खोटे बोलतो. साम्य दोन्हीकडे आहे. गुन्हा एकाच ठिकाणी आहे.

उर्दू शाळेत आम्ही रोज हा फरक पाहतो. खुशखतीच्या तासाला मूल उस्तादाच्या ओळीखाली तशीच ओळ काढते, तीही नक्कल. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरातून उतरवते, तीही नक्कल. पहिलीने हात वळणदार होतो, दुसरीने कुणाचा तरी हक्क मारला जातो. शब्द एक, नियत दोन.

हदीसमधला बाजाराचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. धान्याच्या राशीत हजरत पैगंबरांनी (स.) हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा त्यांनी विचारले, की मग हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? दगा देणारा आपल्यातला नव्हे, हा इशारा त्यानंतरचा. या प्रसंगातली एक गोष्ट आपल्या लक्षातून निसटते. धान्य भिजले याबद्दल बोल लावलेला नाही. बोल लावला तो ओल खाली दडवण्याला.

हाच निकष ओट्याला लावून पाहू. स्वतःच्या घरात स्वतःच्या डोळ्यांना बरे वाटावे म्हणून कडप्पा पांढरा केला, तर कुणाचे काय गेले? सुंदर दिसण्याचा हक्क काही श्रीमंतांच्या नावावर लिहून दिलेला नाही. पाहुण्याने विचारले तर सरळ सांगावे, रंगवलेला आहे. सांगताना जीभ अडखळत असेल, तर दोष इपॉक्सीचा नाही, दिखाव्याच्या हौसेचा आहे. पण घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे आहे, भिंतीतून ओल येते, ओट्याला तडा गेला आहे, आणि त्यावर घाईने शीट चिकटवली, तर ती ओल्या धान्यावर पसरलेली कोरड्या धान्याची मूठ आहे. चार महिन्यांत शीट फुगेल, फोड येतील. तोवर अनामत रक्कम आपल्या खिशात आलेली असेल.

कुणी म्हणेल, असली माल घ्या, भानगडच नको. पण असलीच्या नावाखालीही काही दडलेले असते. बाजारात ‘क्वार्ट्‌झ’ म्हणून मिळणारा तयार दगड हा गारेचा चुरा आणि राळ यांचा असतो. तो कोरडा कापला, की सिलिकाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून असा दगड वापरण्यावर बंदी घातली. आपल्या दारात मुलगा तोंडाला रुमाल बांधून दगड कापतो, तेव्हा त्याचा श्वासही त्या ओट्याखालीच गाडला जातो. पाणी सोडून कापायला लावणे, चांगला मास्क देणे आणि त्यासाठी लागणारी मजुरी न कुरकुरता देणे, ही जबाबदारी काम करून घेणाऱ्याचीही आहे.

आपल्याकडे नमाजेआधी हात-तोंड धुण्याची जागा पाक हवी, याची आपण काळजी घेतो. त्या जागेचा व्यवहारही तितकाच पाक हवा. नव्या भाडेकरूला किल्ली देताना दोन वाक्ये बोलायला कितीसा वेळ लागतो? ओटा कडप्प्याचा आहे, वरून रंगवलेला आहे. डाव्या कोपऱ्यात पावसाळ्यात ओल येते, भाडे त्या हिशेबाने ठरवा.