घडी

इस्त्रीचं टेबल माझ्याकडे नाही. दोन खोल्यांत ते उघडायचं कुठे आणि मिटून ठेवायचं कुठे, हे ठरेना, म्हणून राहिलं. चादरी, पलंगपोस, आईची नऊवारी, सगळं जमिनीवर होतं. खाली सतरंजी, तिच्यावर घोंगडी, घोंगडीवर जुन्या धोतराची चौघडी.

तसंही ते टेबल चादरीसाठी नाहीच. अमेरिकेत गुलामीत जन्मलेल्या, पुढे न्यू हेवनला कपडे शिवून पोट भरणाऱ्या सारा बून यांनी १८९२ साली अशा एका फळीचं पेटंट घेतलं. त्यांच्यापुढे प्रश्न होता बायकांच्या पोशाखाच्या बाह्यांचा. म्हणून फळी अरुंद, बाहीत शिरेल अशी, किंचित वळणाची. बाहीच्या मापाच्या वस्तूवर लुगडं घ्यायचं म्हणजे पोळपाटावर मांडा लाटायला बसायचं.

डबल बेडची चादर ९० इंच बाय १०८. फळ्या मांडत गेलं तर तेरा-चौदा लागतील. आहे एकच. एक पट्टा सरळ होतो, तोवर आधीचा पलीकडे लोंबून चुरगळलेला असतो.

जमिनीवरून काही खाली पडत नाही.

घोंगडी लोकरीची हवी. नायलॉनचं ब्लँकेट खाली घेऊन बघितलं आहे. त्याचा एक तुकडा अजून इस्त्रीच्या बुडाला आहे. जेवणाच्या टेबलावरही करता येते, पण पॉलिशवर वाफेचा पांढरा ठसा उठतो आणि पाहुण्यांना तोच आधी दिसतो.

सुरकुती उष्णतेने जाते असं वाटतं. सुती कापडाची पाण्याने जाते. तंतूंमधली बारीक बंधनं ओल लागली की सैल होतात. कापड ताणलेलं असताना सुकलं की नव्या जागी धरतात. इस्त्री फक्त घाई करते. कडकडीत वाळलेल्या चादरीवर जोर लावणाऱ्याचं भांडण चादरीशी नसतं. ती तासभर आधी दोरीवरून काढायची राहिलेली असते.

आणि इस्त्री सुताच्या बाजूने फिरवायची, उभी किंवा आडवी. तिरकी फिरवली की चौकोनाचा पतंग होतो. मग कोपऱ्याला कोपरा जुळत नाही, आणि दोष धुणाऱ्यावर जातो.

कोपऱ्यावरच्या परटाची कोळशाची इस्त्री पाच-सात किलोंची. तो ती दाबत नाही, नुसती चालवतो. दाबायचं काम वजन करतं. आमची विजेची हलकी, म्हणून मनगट दुखतं. सोय हलकी झाली की भार कुठेतरी सरकतो. त्याच्या हातगाडीवरही फळी नसते. लांबरुंद पाट, त्यावर कांबळी आणि जळक्या डागांचं मांजरपाट. म्हणजे माझीच जमीन, कमरेइतकी उचललेली.

'इस्त्री' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. मूळ 'एस्तिरार', ओढून ताणणं. शब्दात विस्तव नाही, कोळसा नाही. फक्त ताण आहे.

आमच्या घरी इस्त्री नव्हती तेव्हा हा ताण होता. खळ घातलेलं लुगडं अर्धवट ओलं असतानाच आजी आणि आई अंगणात समोरासमोर उभ्या राहायच्या. चारी कोपरे मुठीत. दोघी मागे रेलायच्या, एक झटका, कापड फटकन वाजायचं, तुषार उडायचे. मग दोघी एकमेकींकडे चालत यायच्या, कोपऱ्यात कोपरा द्यायच्या, पुन्हा मागे. नऊ वारांना असं किती वेळा यावं-जावं लागतं ते मोजायचं मला सुचलं नाही. दोघींचं बाकी फारसं जमायचं नाही. पण एकीने हात ढिला सोडला आणि दुसरी तोल जाऊन मागे गेली, असं कधी झालं नाही. घडी गादीखाली जायची. रात्रभर आजी तिच्यावर झोपायची. सकाळी लुगडं तयार.

कॉलेजात एकजण पितळी तांब्यात निखारे भरून तो शर्टावरून फिरवायचा. शर्टाला एक माणूस पुरतो. चादरीला दुसरा लागतो.

मराठीने इस्त्रीला फार जवळ केलं नाही. संसाराची घडी बसते, घडी विस्कटते. संसाराला इस्त्री झाली असं कोणी म्हणत नाही. नवं लुगडं पहिल्यांदा नेसलं की घडी मोडली. कडक कपड्यांचा माणूस परीटघडीचा. बोलणाऱ्यांना ठाऊक असावं की सपाट होणं तात्पुरतं आहे. कापड कपाटात राहतं ते दुमडूनच. घडी म्हणजे २४ मिनिटंही. एक चादर नीट करायला मला साधारण तेवढीच लागतात, पण हा योगायोग आहे.

आता एकट्याने करायची रीत अशी. चादर निम्मी दुमडायची, दोन पदरांवर एकदम इस्त्री. दुमडीवर मात्र चालवायची नाही, नाहीतर पुढच्या धुण्यापर्यंत पलंगाच्या मधोमध रेघ राहते. काठ पायाच्या अंगठ्याने धरायचा, झालेला भाग गुडघ्याखाली सारायचा, बसल्याबसल्या मागे सरकत जायचं. गुडघ्याची उष्णता इस्त्रीच्या तोडीची नाही, पण वजन उपयोगी पडतं.

झटक्याचं तेवढं अडतं. त्यासाठी चादरीचे दोन कोपरे कपाटाच्या दारात अडकवून दार लावतो, उरलेले दोन मुठीत घेऊन मागे रेलतो. कपाट चांगलं धरतं. ओढत नाही. परवा झटका जरा जास्त बसला, दार उघडलं, आणि आतल्या साऱ्या घड्या चादरीवर आल्या.