विकतचा घाम

घाम दोन प्रकारचा असतो. एक, जो गाळल्याबद्दल आपल्याला पैसे मिळतात; आणि दुसरा, जो गाळण्यासाठी आपण पैसे मोजतो. चवीला दोन्ही खारटच. पण समाजात दोघांची पत सारखी नाही. पहिल्या घामाचा लोकांना वास येतो, दुसऱ्याचा ते फोटो काढतात.

मी दुसऱ्या पंथातला. रविवारी पहाटे उठून, घरचे साखरझोपेत असताना, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखं हेल्मेट आणि बुडाला गादी शिवलेली चड्डी चढवून मी सायकलवर निघतो. जिथे जायचं असतं तिथे माझं काही काम नसतं. तिथून मी परत येतो. ह्याला छंद म्हणतात.

आता मुळात सायकल निघाली कशासाठी? श्रम वाचवण्यासाठी. 1817 साली जर्मनीतल्या ड्राइस नावाच्या सरदाराने दोन चाकांचं, पायाने जमीन रेटत न्यायचं लाकडी वाहन काढलं. 1885 साली इंग्लंडात स्टार्लीने साखळीची, दोन सारख्या चाकांची सायकल बाजारात आणली. 1888 साली डनलॉपने पोराच्या तिचाकीसाठी हवेची धाव बनवली आणि मानवजातीची हाडं वाचवली. 1973 साली विल्सन नावाच्या ऑक्सफर्डच्या एका अभियंत्याने हिशोब मांडून दाखवला, की चालायला जेवढी शक्ती लागते तिच्या जेमतेम पाचव्या हिश्शात माणूस सायकलवरून तेवढंच अंतर कापतो. आणि ह्या बाबतीत पशू, पक्षी, यंत्र कोणीच त्याच्यापुढे नाही. म्हणजे घाम वाचवण्याचं जगातलं सर्वोत्तम यंत्र ते हे. आणि आम्ही त्याच्यावर बसतो कशासाठी? घाम यावा म्हणून!

बरं, घाम यावा अशी इच्छा असेल तर सायकल जड हवी. तसं नाही. सायकल जितकी हलकी तितकी महाग. वाण्याकडे वजन वाढलं की पैसे वाढतात. सायकलच्या दुकानात वजन घटलं की वाढतात. आपण नसलेल्या ग्रॅमचे पैसे मोजतो. कार्बन फायबरची सात-आठ किलोंची सायकल घ्यायला लोक पोटाला चिमटा काढतात आणि तेच पोट दहा किलो जास्तीचं वर ठेवून चढ चढतात. हलकेपणाची ही हाव इतकी वाढली, की शर्यतीची सायकल 6.8 किलोंच्या खाली नसावी असा नियम आंतरराष्ट्रीय संघटनेला करावा लागला. पोटाबद्दल मात्र नियम नाही.

हे सगळं पुण्यात असताना फार स्वाभाविक वाटतं. पण माझं मूळ गाव पिंपरी पेंढार. जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या मधलं. माळशेज घाट चढून आलेले मुंबईकडचे सायकलवाले ह्याच रस्त्याने जातात. पोपटी बनियन, काळा गॉगल, पाठीला पाण्याची पिशवी. बांधावरून पाहणाऱ्यांना तो प्रकार अजून पुरता उमगलेला नाही. माझ्या चुलत्यांनी, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मला एकदा सरळ विचारलं,

"ह्याचं तुला मिळतं किती?"

"काही नाही, अण्णा. हौस."

"मग पाठवतं कोण?"

"कोणी नाही. मीच जातो."

अण्णांनी माझ्याकडे, मग सायकलकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं. "आणि कॅरिअर कुठाय?"

कॅरिअर नाही, स्टँड नाही, मडगार्ड नाही, डायनॅमो नाही. सायकलला सायकलपण देणारी प्रत्येक गोष्ट मी जादा पैसे देऊन काढून घेतली होती. अण्णांनी उमेदीची कैक वर्षं बावीस किलोंच्या काळ्या सायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या किटल्या बांधून डेअरी गाठली. पावसात, चिखलात, अंगात ताप असताना. हातात नाडी मोजणारं घड्याळ नाही, बाटलीत लिंबू-मिठाचं पाणी नाही. ते घरी आल्यावर "आज सरासरी वेग काय पडला?" असं काकूने विचारल्याचं ऐकिवात नाही. दूध नासलं का नाही, एवढंच विचारत.

आणि इथेच खरा प्रश्न सुरू होतो. दोघांत मोठं कोण? मी पन्नास किलोमीटर मारले की मोबाइलवर अंगठ्यांचा पाऊस पडतो. अण्णांना आयुष्यभरात एक अंगठा मिळाला नाही. उलट डेअरीच्या वहीत त्यांनीच तो उठवला.

अशा वेळी तत्त्वज्ञांकडे जावं. गीता सांगते, फळाची आशा न धरता कर्म कर. ह्या न्यायाने मी थेट कर्मयोगी! फळ नाहीच मुळी. पण मग आठवतं, घरी पोचल्यावर मी आधी पाणी पीत नाही, किती कॅलरी जळल्या ते बघतो. म्हणजे गेलंच ते. तिकडे कांट म्हणतो, आवडीपोटी केलेल्या कृत्याला नैतिक मोल नाही, कर्तव्य म्हणून केलेल्याला आहे. इथे मी नापास. पण गरजेपोटी किटल्या वाहणाऱ्या अण्णांनाही तो पैकीच्या पैकी देईल असं नाही. शिवाय कांट 1804 साली वारला, सायकल निघण्यापूर्वी. त्याचं मत कितपत धरायचं?

तेव्हा उत्तर अण्णांकडूनच घ्यावं लागलं. मी म्हणालो, "अण्णा, कष्ट तुमचे आणि माझे सारखेच की. चढ तोच, पाय तसेच."

"चढ तोच," अण्णा म्हणाले. "पर तुला दम लागला की तू माघारी फिरतो. मला फिरता येत नव्हतं."

एवढ्या वाक्यावर लोक प्रबंध लिहितात. हौसेच्या आणि पोटाच्या श्रमांत फरक घामाचा नाही, माघारी फिरण्याच्या मुभेचा आहे. ती मुभा आली की कष्टाची क्रीडा होते, गेली की क्रीडेची वेठ. जगातल्या कुठल्याही दुकानात न मिळणारं, माझ्या सायकलवरचं सगळ्यात महाग सामान तेच.

ह्याच पट्ट्यातलं आणखी एक उदाहरण देतो. पहाटे अंधारात सायकल काढायची तर मी उसाच्या कडेने जाताना जोराने गाणं म्हणतो, कारण हा बिबट्यांचा मुलूख. फारच भीती वाटली तर जात नाही. पण शेतीच्या पंपाला वीज रात्रीची आली की पाणी धरायला जाणाऱ्याला "आज नको" म्हणता येत नाही. 2024 साली पिंपरी पेंढारच्याच शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात बायका गेल्या. 2025 साली पलीकडे शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला लोक गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. बिबट्या मान धरतो म्हणून. त्या पट्ट्यांचे फोटो पाहिले आणि माझं ते हवेशीर छिद्रांचं हेल्मेट हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसलो. दोन्ही साधनं जीव वाचवण्याचीच. एक दुकानात रंग निवडून घ्यायचं, दुसऱ्यात निवड नाहीच.

मग काय, सायकल विकून टाकावी? अपराधी वाटून घ्यावं? माझ्या मते नाही. अपराधाची भावना सायकलवर घेतली तर वजन तेवढं वाढतं, किटली कोणाचीच हलकी होत नाही. शिवाय एक गोष्ट अण्णांच्या हिशोबातून सुटत होती. मी विचारलं, "अण्णा, आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटर. एसटी असताना तुम्ही वारीला चालत का जाता?"

"ती वारी हाय," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला पाठवतं कोण?"

"कोण पाठवणार? मीच जातो," म्हणाले, आणि मिशीत हसले.

सांगायचा मुद्दा हा, की विकतचा घाम ही काही सुखवस्तू माणसांची शोधकला नव्हे. कोणीही न सांगितलेलं एक तरी कष्टाचं काम आपण होऊन करावं, ही भूक किटली वाहणाऱ्यालाही असते. आमच्याकडे बैलगाडा शर्यतीवर जीव टाकणारे आहेत. नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी 2015 साली अमेरिका ह्या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सुमारे 4,800 किलोमीटर, आळीपाळीने सायकल मारत नऊ दिवसांच्या आत ओलांडली. त्यांनाही कोणी नोटीस धाडली नव्हती. माणूस स्वतंत्र आहे ह्याचा पुरावा तो बहुधा असाच, पोटऱ्यांनी देतो. अन्याय हौसेच्या घामात नाही. अन्याय आहे तो काहींच्या वाट्याला फक्त दुसराच घाम येतो ह्यात. बिहार सरकारने 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली ती शाळेत जाण्यासाठी, गरज म्हणून. पण शाळा सुटल्यावर त्यातली एखादी मुलगी कारण नसताना नदीपर्यंत चक्कर मारून आली असेल, तर त्या सायकलीचे पैसे त्या दिवशी फिटले असं मी म्हणेन.

आणि आम्हा हौशी मंडळींना एक पथ्य पुरे. मोटारीतून चढ दिसत नाही. सायकलवरून तो मांडीत कळतो. कळलाच आहे, तर त्याच चढावर गवताचा भारा किंवा किटल्या लादून जाणारा कोणी दिसला की त्याला ओळख द्यावी. "मी हौशी, तुम्ही खरे" असं भाषण नको. पुढे जाताना नुसती घंटी वाजवावी. बाजूला हो म्हणून नव्हे, रामराम म्हणून.

अडचण एवढीच, की आमच्या सायकलींना घंटी नसते. वजन वाढतं म्हणून काढून टाकतात. मी बसवून घेतली. चाळीस-पन्नास ग्रॅमने जड झालो असेन. आणि सोसतंय.