सुरकुत्या आणि सुई



लग्नसराई जवळ आली की अलीकडे आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, कपाळावरच्या आठ्या घालवायला इंजेक्शन घेतलं तर पाप लागेल का?" विचारणाऱ्या बहुतेक पन्नाशीच्या माता-भगिनी असतात. मिशीला कलप लावणाऱ्या एकाही पुरुषाने आम्हाला असे कधी विचारलेले नाही, हे जाता जाता नमूद करतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. बोटॉक्स हे बोट्युलिनम या विषापासून बनवलेले औषध. अत्यल्प मात्रेत ते टोचले की मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि स्नायू सैल पडतो. पापण्या आपोआप मिटत राहण्याच्या विकारावर अमेरिकेत त्याला १९८९ साली मान्यता मिळाली. भुवयांमधील आठ्यांसाठीची मान्यता २००२ सालची. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा खर्च. कपाळ आक्रसल्यावर पडणाऱ्या रेषा मावळतात. चेहरा शांत असतानाही दिसणाऱ्या खोल रेषा पूर्ण जातीलच असे नाही. सैल झालेली कातडी तर तशीच राहते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात स्त्रियांच्या रंगरंगोटीचा प्रश्न विचारात घेतला होता. नसलेल्या सौंदर्याचे सोंग आणणे वेगळे आणि आजारासारख्या कारणाने आलेली विद्रूपता झाकणे वेगळे, असे ते म्हणतात. दुसरे त्यांना मान्य आहे. सोंगालाही ते सरसकट गंभीर पाप ठरवत नाहीत, हेतू पाहतात.

मग सुरकुती कोणत्या बाजूला टाकायची? ती आजार नाही. पण सोंग म्हणावे, तर ते गुळगुळीत कपाळ वीस वर्षांपूर्वी त्याच बाईचे होते. ती दुसऱ्याचे रूप घेत नाही, स्वतःचेच जुने मागते. म्हणून खोटेपणाचा आरोप आम्हाला येथे पटत नाही.

आमची अडचण वेगळी आहे. चेहरा आपला, पण तो दिवसभर पाहतात घरची माणसे. आजी खरेच रागावली की लटके, हे नात तिच्या भुवयांवरून ओळखते. आज काहीतरी बिनसले आहे, हे नवऱ्याला आठीवरून कळते. जाणता डॉक्टर मात्रा बेताची ठेवतो हे खरे. तरी त्या बोलण्यातले थोडे कमी होतेच.

आणि हे कोणासाठी? लेकीच्या लग्नात बरे दिसावे एवढीच हौस असेल, तर आम्ही आडवे येणार नाही. पण लोक काय म्हणतील ही धास्ती असेल, तर पापाचा प्रश्न तिने नव्हे, त्या लोकांनी आम्हाला विचारायला हवा. "अगं, किती म्हातारी दिसायला लागलीस!" हे मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातच आम्ही ऐकले आहे. म्हणणारी व्यक्ती नुकतीच ख्रिस्तशरीर स्वीकारून आली होती.

ज्यांचे ठरलेच आहे, त्यांनी ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, तेही लग्नाच्या निदान महिनाभर आधी. कधी कधी पापणी उतरते आणि सावरायला काही आठवडे लागतात. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसेच स्नायू-मज्जातंतूंचा आजार असलेल्यांनी हे टाळावे. गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक रुग्णालय गाठावे.