चौथा पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत; वैद्य, औषधिद्रव्य आणि परिचारक यांच्या जोडीला चौथा पाद म्हणून तेथे खुद्द रोग्याची गणना केली असून, त्याच्या अंगी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे चार गुण अपेक्षिले आहेत. आमच्या वैद्यकव्यवहाराने मात्र यांतील निर्देशकारित्व, म्हणजे सांगितल्या हुकमाप्रमाणे वागणे, तेवढे उचलले आणि उरलेले तीन गुण दप्तरदाखल करून टाकले.

कर्करोगाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष डोळ्यांत भरते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. आज तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात, कोणी दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत पथारी टाकतो, कोणी पदपथावरच. अशा रोग्याबरोबर आलेला मुलगा डॉक्टरांना बहुधा पहिली विनंती करतो ती ‘बाबांना काही सांगू नका’ अशी. आणि बाबा मुलाच्या चेहऱ्यावरूनच सारे ओळखून, त्याला ते कळू नये म्हणून गप्प राहतात. माया या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू पडावेत, असे हे स्थळ आहे. त्या मायेला मी हसणार नाही. परंतु ज्याला आपल्या आजाराचे नावही ठाऊक नाही, त्याचा संमतिपत्रावरील अंगठा कागद रुजू करण्यापुरताच खरा.

रोग्याचे कर्तेपण असे कोठे हरवते, ते गीतेच्या आधारे पाहता येईल. तिच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, करण आणि चेष्टा यांच्यानंतर दैवाला पाचवे स्थान दिले आहे. रोगी प्रारब्धाचे नाव घेऊन पाचव्याला पहिले करतो, हे खरेच. पण रुग्णालयाचाही हिशेब चुकतोच. अधिष्ठान म्हणजे शरीर, असा अर्थ शंकराचार्यांनी लावला आहे. रुग्णालय रोग्याला तेवढे अधिष्ठान समजते आणि कर्तेपण सर्वस्वी आपल्याकडे ठेवते.

याचा परिणाम रोगी घरी परतल्यावर दिसतो. केमो दिल्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी रक्तातील पांढऱ्या पेशी अतिशय घटतात, आणि त्या दिवसांत ताप आला तर सकाळपर्यंत थांबून चालत नाही. ही सूचना छापील कागदावर असते, घाईत कोणी ती वाचूनही दाखवतो, रोगी मान डोलावतो. मग रात्री अंग तापते. ‘एवढ्यासाठी डॉक्टरसाहेबांना कशाला त्रास’ म्हणून तो घोंगडी ओढून घेतो, आणि देवाची मर्जी म्हणून बायको कपाळावर ओली घडी ठेवते. ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते नीट सांगता येणे, हवे ते याच घटकेला. पण रुग्णालयातील इतक्या दिवसांत ‘तुम्हांला काय होते ते सांगा’ म्हणून त्याच्या खाटेशी कोणी घटकाभर बसलेलेच नसते.