पंचसूना आणि घरातील वीज

धर्मशास्त्राने गृहस्थाश्रमाचा विचार करताना चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा यांना ‘पंचसूना’ म्हटले आहे. सूना म्हणजे वधस्थान. या वस्तू वापरताना नकळत जीवहत्या घडते, म्हणून मनुस्मृतीने गृहस्थाला पंचमहायज्ञ, म्हणजे रोजची पाच कर्तव्ये, नेमून दिली. हेतू नसताना घडलेल्या हानीचेही उत्तरदायित्व घर चालवणाऱ्याकडे राहते, हा त्यामागचा विचार विजेच्या उपकरणांनी भरलेल्या आजच्या घराला तर अधिकच लागू पडतो.

रत्नागिरीच्या पावसाळ्यात पडवीतल्या लोखंडी तारेवर कपडे वाळत घातले जातात, आणि कित्येकदा तिला खेटूनच दिव्याची वायर गेलेली असते; वायरचे आवरण झिजले, की कपडे काढणाऱ्या हातातून वीज ओल्या जमिनीत उतरते. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढल्यावर आपोआप पडणारी कळ, अशा वेळी बहुधा पडतच नाही, कारण ती 16 अँपिअरसारख्या मोठ्या प्रवाहासाठी असते, आणि माणसाचा जीव घ्यायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. तेथे आरसीसीबी लागते; गेलेल्या आणि परतलेल्या प्रवाहांत 30 मिलिअँपिअरचा फरक पडताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते.

अशा मृत्यूनंतर समाचाराला आलेली माणसे प्रारब्धाचे नाव घेतात. त्यामागची माया खरी असली, तरी गीतेच्या 18व्या अध्यायात कर्माची जी पाच कारणे सांगितली आहेत त्यांत अधिष्ठान म्हणजे स्थान, कर्ता, करण म्हणजे साधन आणि चेष्टा म्हणजे क्रिया ही चार आधी येतात, दैव पाचवे आहे. शिवाय अर्थिंगचा खर्च टाळणारा एक आणि प्राणाला मुकणारा दुसरा असतो. ज्याचे कर्म त्यालाच फळ हा सिद्धान्त येथे शब्दशः लावला, तर दोष मृताच्या पूर्वजन्मावर ढकलला जातो आणि घरमालक व वायरमन मोकळे सुटतात. हा अर्थ अन्याय्य आहे. पंचसूनेची कल्पना दोष जिथल्या तिथे, घर चालवणाऱ्याच्या पदरात ठेवते.

तिथले परिमार्जन मात्र हानीनंतरचे आहे, आणि विजेच्या बाबतीत ते आधीच व्हावे लागते. वर्षभर बंद राहून गणपतीला उघडणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांत बोर्डाला ओल धरलेली आणि वायर उंदरांनी कुरतडलेली असू शकते. तेथे मखराच्या रोषणाईआधी वायरमनकडून तपासणी करून घेणे आणि आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दाबून ती पडते का हे पाहणे, हे गृहस्थाच्या नित्यकर्मातच मोडते.