हातांच्या कामावर देवाचा आत्मा

वचन : निर्गम ३१:१-११



कर्जतहून खंडाळ्याकडे आगगाडीने जाताना प्रवासी खिडकीतून धबधबे पाहतात व सृष्टिकर्त्याचे स्तवन करतात. ते योग्यच आहे. परंतु गाडी ज्या वाटेने चढते तिच्याकडे क्वचितच कोणी लक्ष देतो; आमच्या मते तीही तितकीच पाहण्याजोगी आहे. १८६३ साली बोरघाटाची ही वाट खुली झाली. पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरात १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे व ८ मोठे पूल. अति कठीण जागीही सदतीस हात पुढे जावे तेव्हा एक हात वर चढावे, असा चढाव राखलेला. डोंगराशी झगडा नाही. तो वाट देईल तेथे त्याच्या कुशीने वळावे, न देईल तेथे पोटातून जावे. कमानीची शोभाही वरून लावलेली नसते. प्रत्येक दगड शेजारच्याचा भार घेतो व आपला पुढच्यावर सोपवतो, त्यातच ती उत्पन्न होते.

आता शास्त्राकडे वळू. देवाच्या आत्म्याने परिपूर्ण झाला असे शास्त्रात प्रथम कोणाविषयी सांगितले आहे? राजाविषयी नव्हे, याजकाविषयी नव्हे. बसालेल नावाच्या कारागिराविषयी. मिसरात विटा पाडता पाडता ज्या लोकांची पाठ वाकली, त्यांच्यातलाच तो. दगड फोडणे, चामडे कमावणे, दोर वळणे ह्या कामांमुळे ज्यांच्या वाडवडिलांना गावाबाहेर राहावे लागले, त्या आपणांस हे वचन मोठे धैर्य देते. आपली मुले शिकली म्हणजे बापाच्या हातचे घट्टे लपवू लागतात, हे आम्ही पाहतो व आम्हांस दुःख होते.

तथापि शोभेने सर्वच झाकले जात नाही. बोरघाटात एका वेळी ४०,०००हून अधिक मजूर खपत होते. कित्येकांना कड्यावरून दोराने खाली सोडून सुरुंगाची छिद्रे पाडवीत. पटकीने व अपघाताने हजारो मेले. १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून दंगाही झाला. फारोची पिथोम व रामसेस ही नगरेही कुशल हातांनीच उभी राहिली असतील, परंतु शास्त्र त्यांच्या शोभेविषयी अवाक्षर काढीत नाही. तेथील लोकांचे कण्हणे मात्र लिहून ठेवते. याकोबाच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. बसालेलाचा मंडप मात्र स्वखुशीच्या अर्पणांतून झाला, आणि अर्पणे इतकी आली की मोशेला ती थांबवावी लागली!

पुढे १८६७ साली घाटातील एक मोठा पूल कोसळला. बांधकाम सदोष होते. दुरून तोही सुरेखच दिसत असेल.

उपदेशक बंधूंनी येत्या रविवारी हा अध्याय वाचून मंडळीतील गवंडी, सुतार, पाथरवट व खडी फोडणाऱ्या भगिनी ह्यांची नावे घेऊन प्रार्थना करावी. कोणाची मजुरी अडली असल्यास पंचांनी त्याच दिवशी विचारपूस करावी.