कोणाच्या संमतीने?

जालन्यात महानगरपालिकेच्या निवडणुकीची धामधूम चालू असता आठ दिवसांच्या अंतराने मी दोन भाषणे ऐकली. पहिले सदर बाजारातल्या एका कोपरा सभेत आणि दुसरे जुन्या जालन्यात, एका स्नेह्याच्या घरी निकाह आटोपून पाहुणे जेवणाची वाट पाहत बसले असताना. पहिल्या वक्त्याने संतापून सांगितले की, त्यांच्या धर्मात कुटुंबनियोजन हराम आहे आणि म्हणूनच त्यांची संख्या वाढते. दुसऱ्याने अभिमानाने सांगितले की, आपल्या मजहबात कुटुंबनियोजन हराम आहे आणि म्हणूनच आपली संख्या वाढली पाहिजे. दोघे एकमेकांचे कट्टर वैरी; परंतु दोघांचे प्रमेय एकच, आणि ते प्रमेय असत्य आहे. मेहर, नफका (पोटगी) आणि तलाक यांचे दावे येथील कचेरीत चाळीस वर्षे चालविलेल्या माझ्यासारख्या वकिलाला त्या असत्याचा खेद झालाच. पण त्याहून अधिक खेद याचा झाला की, जिच्या देहात हे सारे घडते ती स्त्री दोन्ही भाषणांत कोठेही नव्हती.

फिकह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र, या विषयाचा खल हजार वर्षांहून अधिक काळ करीत आले आहे. मात्र संततिनियमन चालते की नाही हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता, कारण तो तुलनेने लवकर मिटला. दीर्घकाळ चालला तो वाद ‘कोणाच्या परवानगीने’ याचा. हा प्रश्न कोणी जोपासला आणि कोणत्या वळणावर आपण सर्वांनी मिळून तो हरवला, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे.

आरंभीची वाट जाणत्या वाचकांच्या परिचयाची आहे. अज़ल, म्हणजे वीर्य बाहेर सांडून गर्भ टाळण्याची रीत, पैगंबरांच्या हयातीत चालू होती आणि तिचा निषेध अवतरला नाही, अशी साक्ष पैगंबरांचे सहचर जाबिर यांच्या नावाने बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे; उलटपक्षी जुदामा नामक स्त्रीच्या नावाने आलेल्या हदीसमध्ये तीच रीत छुप्या बालहत्येत गणली आहे. या दुसऱ्या साक्षीच्या आधारे स्पेनमधील इब्न हज्म यांनी अज़ल निषिद्ध ठरविला, पण बहुसंख्य शास्त्रकार त्यांच्यामागे गेले नाहीत. ११११ साली निवर्तलेल्या इमाम गजालींनी अज़ल आणि बालहत्या यांतला भेद तर्काने उलगडून दाखविला, आणि पत्नीचे सौंदर्य व प्राण जपणे, किंवा पुष्कळ संततीमुळे होणारी ओढाताण टाळणे, ही कारणे ग्राह्य मानली.

आता परवानगीकडे वळू. माझे वडील निजामी अमदानीत वकिली करीत, तेव्हा आमच्या मुलखातील अदालतींची भाषा उर्दू होती. त्यांच्या कपाटात फतावा-ए-आलमगिरीच्या उर्दू भाषांतराच्या जिल्दी होत्या आणि आता त्या माझ्याकडे आहेत. ज्या बादशहाच्या हुकुमाने सतराव्या शतकात हा ग्रंथ सिद्ध झाला त्याची कबर येथून फार दूर नाही, खुलताबादेस आहे. त्या ग्रंथात, आणि त्यापूर्वीच्या हनफी पंथाच्या ग्रंथांतही, अज़लचा नियम असा की, स्वतंत्र स्त्री पत्नी असेल तर तिच्या ‘इज़्न’वाचून, म्हणजे परवानगीवाचून, पतीला तो करता येत नाही. मालिकी आणि हंबली पंथांचा दंडकही सामान्यतः हाच; शाफिई पंथाने मात्र ही अट सहसा घातली नाही. बाराव्या शतकातील हनफी पंडित कासानी यांनी अटीचे कारण असे दिले की, अपत्य हा पत्नीचाही हक्क आहे आणि तिला न विचारता तो बुडविता येत नाही.

या नियमाला मी आजच्या अर्थाने स्त्रीस्वातंत्र्याचा जाहीरनामा म्हणणार नाही. तसे म्हणणे ही इतिहासाशी लबाडी होईल. ज्या समाजात हा नियम झाला तेथे दासी होत्या, आणि स्वतःच्या दासीशी अज़ल करणाऱ्या धन्याने तिला विचारण्याची गरज कोणी मानली नाही. शिवाय हा हक्क मूल होण्याचा होता, मूल नाकारण्याचा नव्हता. परंतु शास्त्रकार तेथेच थांबले नाहीत. स्त्रीने आपल्या गर्भाशयाचे मुख स्वतः बंद केले तर काय, हाही प्रश्न त्यांनी घेतला. सोळाव्या शतकात कैरोच्या इब्न नुजैम यांनी तोच न्याय उलटा लावून सांगितले की, पतीच्या परवानगीवाचून तिने तसे करणे हराम असावे. पण हा त्यांचा निष्कर्ष सर्वांना मान्य नव्हता, आणि १८३६ साली दमास्कसला निवर्तलेल्या इब्न आबिदीन यांनी विरुद्ध मत नोंदविताना स्त्रिया असे करीतच असतात याचाही उल्लेख ठेवला. शास्त्राच्या एवढ्या अवजड ग्रंथात बायकांच्या नित्याच्या व्यवहाराची ती एक कबुली वाचताना माझे मन दर वेळी थांबते. गर्भपाताबाबतही कित्येक हनफी पंडितांनी १२० दिवसांपूर्वीच्या गर्भाला सवलत दिली होती, मालिकींनी ती दिली नाही; हा तपशील सर्वश्रुत असल्याने मी पुढे जातो.

परवानगीच्या या भिंतीला पहिली भेग मध्ययुगातच पडली. फतावा-ए-आलमगिरीतच एक जागा अशी आहे की, काळ बिघडलेला आहे, संतती दुर्वर्तनी निघेल, या भीतीने एखाद्याने पत्नीच्या परवानगीवाचून अज़ल केला तर मूळ ग्रंथाचा कौल ‘चालत नाही’ असा दिसतो, परंतु या वाईट काळामुळे ‘चालते’ असाही कौल दिलेला आहे. लक्षात घ्यावे की, सवलत वाढली ती पुरुषाची, आणि तिची किंमत स्त्रीच्या परवानगीने मोजली गेली. काळ वाईट आहे हे कारण तेव्हापासून आजवर प्रत्येकाने वापरले. मौलवींनी वापरले आणि सरकारांनीही वापरले.

यानंतरचे वळण मात्र असे आहे की, माझ्या मते सर्वच ते चुकीचे वाचतात. कुटुंबनियोजनाला इस्लामच्या नावाने आज जो विरोध ऐकू येतो तो जुन्या फिकहचा वारसा आहे असे त्याचे समर्थक मानतात आणि शत्रूही मानतात. वस्तुतः त्याची सर्वांत प्रभावी मांडणी १९३०च्या दशकातली आहे, आणि ती करणारा पुरुष आमच्याच मुलखात जन्मला. मौलाना अबुल आला मौदूदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादेत झाला; जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८१ साली झाला. हैदराबादेहून निघणाऱ्या ‘तर्जुमानुल कुरआन’ या मासिकाची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी संततिनियमनावर जे लेखन केले तेच पुढे ‘इस्लाम और ज़ब्त-ए-विलादत’ या पुस्तकाच्या रूपाने सर्वत्र पोचले.

हे पुस्तक जो उघडील त्याला पहिला धक्का हा बसेल की, त्याचा मोठा भाग फिकहशी नव्हे तर युरोपशी वाद घालतो. माल्थस आणि त्याचे अनुयायी, पाश्चात्त्य राष्ट्रांचे घटते जन्मप्रमाण, फ्रान्सला वाटू लागलेली लोकसंख्याक्षयाची भीती, कुटुंबसंस्थेचा ऱ्हास हे त्याचे विषय आहेत. अज़लच्या हदीसा मौलाना नाकारीत नाहीत. व्यक्तीला खऱ्या अडचणीत ती सवलत होती हे ते मान्य करतात. त्यांचे म्हणणे एवढेच की, एका घराची सवलत ही सबंध कौमेची चळवळ होऊ शकत नाही. दारिद्र्याच्या भीतीने मुलांना मारू नका ही कुरआनातील आज्ञा जन्मलेल्या मुलांविषयी आहे असे समजून गजालींसारख्यांनी ती अज़लला लावली नव्हती. या नव्या युक्तिवादात तिची व्याप्ती न जन्मलेल्या संततीपर्यंत पोचली.

मौलानांच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे, आणि त्यांची एक शंका पोकळ नव्हती हेही मी मान्य करतो: चळवळ सरकारी झाली म्हणजे व्यक्तीची सवलत जाऊन तिच्या जागी सक्ती येते. परंतु त्यांच्या मांडणीत जे घडले ते नीट पाहिले पाहिजे. आलमगिरीच्या पानावर पत्नी ही पक्षकार आहे. तिचा हक्क मानावा किंवा बुडवावा, तिचे नाव घेतल्यावाचून निवाडा होत नाही. मौलानांच्या पुस्तकात ती कौमेची माता आहे, आणि माता झाली की तिला कोणी काही विचारीत नाही. जे मत चौदाशे वर्षांचे म्हणून जुन्या जालन्यात सांगितले गेले ते या रूपात मुंबईतल्या र. धों. कर्वे यांच्या संततिनियमन केंद्राहूनही वयाने लहान आहे. कर्व्यांनी ते १९२१ सालीच उघडले होते.

दुसऱ्या, म्हणजे संततिनियमनाच्या पुरस्कर्त्यांच्या, बाजूलाही हेच घडले. कर्वे यांनी आणि डॉ. आंबेडकरांनी स्त्रीपासूनच आरंभ केला होता. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा जो ठराव मांडला, त्यासाठी आंबेडकरांनी तयार केलेल्या भाषणात प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागत्या तर दुसऱ्या अपत्याला कोणी तयार झाला नसता, असा आशय आहे. ठराव फेटाळला गेला. १९५२ पासून सरकारने कार्यक्रम हाती घेतला आणि हळूहळू स्त्रीचे नाव पुसले जाऊन उद्दिष्टाचा आकडा आला. आणीबाणीत, १९७६ साली, तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्या एका आर्थिक वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. आणीबाणी गेल्यावर सरकार पुरुषाला हात लावण्यास कचरू लागले व सारा भार बायकांच्या टाक्यांवर आला. आज महाराष्ट्रात नसबंदी केलेल्या पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही.

पंचायतीच्या निवडणुकीला दोन अपत्यांची मर्यादा आपल्या राज्यात आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर ती ओलांडणारा सदस्य अपात्र होतो, स्त्रीही होते. हरियाणाच्या अशाच कायद्याला जावेद प्रकरणात आव्हान मिळाले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली इस्लाम अधिक अपत्यांची आज्ञा देत नाही असे म्हटले, ते यथार्थच होते. पण नको असता तिसरे मूल धारण करावे लागण्याइतक्या स्त्रिया आता असहाय नाहीत, असेही म्हटले. या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. अंबड, परतूर, घनसावंगी येथून उसाच्या तोडणीला जाणाऱ्या टोळ्यांतील बायका ज्याने जवळून पाहिल्या आहेत त्याला तसे म्हणवणार नाही.

सदर बाजारातील वक्त्यासाठी एवढेच: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मुसलमान स्त्रीचा जननदर १९९२-९३ मध्ये ४.४ होता, तो २०१९-२१ मध्ये २.३६ झाला; हिंदू स्त्रीचा ३.३ वरून १.९४ झाला. मौदूदींचे पुस्तक छापले जात असतानाच हे झाले. इब्न आबिदीन यांनी ज्या स्त्रियांची दखल घेतली, त्यांनी शास्त्राकडून विधीची वाट तेव्हाही पाहिली नव्हती.

आपल्या कायद्यात एक जागा अशी आहे जेथे परवानगीचा तो जुना प्रश्न अखेर योग्य माणसाला विचारला गेला. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या १९६६च्या अहवालातून निघालेल्या १९७१च्या गर्भपात कायद्यात सज्ञान, स्थिरबुद्धी स्त्रीची एकटीची संमती पुरते. पतीची लागत नाही. या कायद्यामागे लोकसंख्येची चिंताही होती, पण हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आकडा नव्हता, एक बाई होती, असे मला मनापासून वाटते.

काही वर्षांपूर्वी भोकरदन तालुक्यातील एक मुसलमान बाई आपल्या आईसह माझ्याकडे आली. चौथ्या खेपेचा दुसरा महिना, अंगात रक्त नाही, नवरा भिवंडीला मागावर. आणि एका रुग्णालयात नवऱ्याच्या सहीवाचून काम अडलेले. आईची चिंता निराळी होती: हे पाप तर नाही ना? मी कपाटातली ती जिल्द काढली, आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध हाफिजसाहेबांना बोलावले, आणि त्यांनी तिला त्या पानावरचे १२० दिवस शांतपणे समजावून सांगितले. मग मी त्या दोघींबरोबर रुग्णालयात गेलो. संमतीच्या ‘फॉर्म सी’वर छापलेली सहीची ओळ एकच होती, तिच्याखाली कोणी तरी पट्टी लावून निळ्या शाईने दुसरी आखली होती आणि पुढे ‘पतीची सही’ असे लिहिले होते. मी कलम ३चे चौथे उपकलम उघडून खिडकीतून आत सरकविले. कारकुनाने ते दोनदा वाचले, आत जाऊन कोणाला तरी विचारून आला, आणि दुसरा कोरा फॉर्म काढून दिला. बाईने ती एकच ओळ उजव्या टोकापासून धरली आणि आपले नाव उर्दूत, सावकाश, पुरते लिहिले.